धाकटी बहीण इंग्रजी शाळेत

माझ्या बहिणीचं नाव त्या पडद्यावर कुठेच नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी आम्हाला तेच ऐकवलं.

तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर कार्यक्रम होता. लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावं, हे लोकांना पटवायचं होतं. चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर बोलायला आले होते. ते छान बोलतात असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. बोलता बोलता त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर एका मुलीची गोष्ट दाखवली. मुलीचं नाव नाही, गावाचं नाव नाही, फोटो नाही. फक्त चार ओळी. तरुण मुलगी, सिकलसेलची वाहक, लग्न ठरलेलं. वडिलांना दमा, म्हणून गावच्या तलावात स्वतः फेकजाळं टाकते. घरची कमाई तिच्यावर. धाकटी बहीण इंग्रजी शाळेत.

आमच्याकडे बायका मासे विकतात, सुकवतात, फाटलेली जाळी सांधतात. छातीभर पाण्यात उभं राहून फेकजाळं टाकणारी बाई मात्र सगळ्या पट्ट्यात एकच होती. आणि तलावावर जगणाऱ्या घरातून उठून, बल्लारपूरला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत जाणारी मुलगीही एकच होती. ती मी.

ताईच्या होणाऱ्या सासूची बहीण त्या कार्यक्रमाला बसली होती. तिनं चार ओळी वाचल्या आणि पाचवी स्वतःच भरली.

ताई आजारी नव्हती. वाहक म्हणजे आजारी नव्हे. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर मुलाला आजार होण्याची भीती असते, एवढंच. म्हणून नवऱ्या मुलाचं रक्त तपासायचं आणि मग ठरवायचं. त्याच डॉक्टरांकडे रक्त तपासलं तेव्हापासून ताईला हे सगळं ठाऊक होतं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, गर्दीत तिला त्याच्याशी बोलायला मिळालं नव्हतं, पण पोळ्याला तो आमच्याकडे जेवायला येणार होता. "मी सांगन त्याले पोळ्याले," ती मला म्हणाली होती, "तू मधात तोंड घालू नको. तुहं काई खरं नाई, इंग्रजीत सांगून येशीन." काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. भाकरी थापताना तिचे ओठ हलत.

पोळ्याच्या आधीच नवऱ्या मुलाकडची दोन माणसं चिमूरहून मोटरसायकलवर आली आणि साक्षगंधाची साडी आणि अंगठी मागू लागली. आईनं चहा ठेवला होता. त्यांनी कपाला हात लावला नाही. "लपवून ठेवलं तुमी," त्यातला मोठा माणूस बाबांना म्हणाला. "पोरीले रोग आहे हे लपवून ठेवलं. आमाले सभेत समजलं, चार लोकात." बाबा खोकत होते, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. साडीची घडी ताईनं स्वतः घातली, नीट, काठावर काठ ठेवून.

त्या शब्दाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. लपवलं. जी मुलगी सांगायची तालीम करत होती, तिनं लपवलं.

आठवड्याभरात ताई मला घेऊन चंद्रपूरला त्या डॉक्टरांकडे गेली. ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. मी दाराजवळ, तिची पिशवी धरून.

"सर, तुमी पडद्यावर दाखवली थे गोष्ट माही होती," ताई म्हणाली.

डॉक्टरांना आठवायला जरा वेळ लागला. मग ते हसले. "अच्छा, जाळंवाली तू! अगं, पण नाव कुठे आहे त्यात? नाव नाही, गाव नाही. उलट मी तर कौतुक केलं तुझं. एकटी मुलगी घर चालवते म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या वाजवणाऱ्यात माही मावससासू होती. लग्न मोडलं माहं."

"ते मला कसं माहीत असणार?"

"मले विचारलं असतं त सांगतलं असतं."

पुढचा पेशंट ताटकळतोय अशा नजरेनं त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात मी होते. त्यांची नजर माझ्यावरून सरळ बाहेरच्या बाकाकडे गेली.

"कोनं कोनं पाहिलं असन थे?" ताईनं विचारलं.

"आता ते कोण मोजतं?" डॉक्टर म्हणाले. "आणि हे बघ, ज्यांनी असं लग्न मोडलं ते लोक अडाणी. त्यांच्या घरात गेली नाहीस ते बरंच झालं."

मी एक शब्द बोलले नाही. इंग्रजी शाळेनं मला विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे शिकवलं, आणि मामाच्या घरानं विचारल्यावरही जपून बोलायचं हे शिकवलं. गावात माझं मराठी ऐकून पोरी हसत, शाळेत माझं इंग्रजी ऐकून. त्यामुळे मी ऐकत राहते आणि पाहत राहते. लोकांना वाटतं ही गरीब गाय आहे, नाहीतर ही शिष्ट आहे. दोन्ही समजुती माझ्या सोयीच्या आहेत.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीला डोकं लावून झोपली. मी जागी होते आणि मनातल्या मनात त्या डॉक्टरांचा पडदा तयार करत होते. चार ओळी. नाव नाही, गाव नाही. त्यांच्याबद्दल मला तेव्हा काहीच माहिती नव्हती, म्हणून त्या ओळी कोऱ्याच राहिल्या. पण त्या भरायच्या हे ठरलं. पुढची सगळी वर्षं, कॉलेजची पुस्तकं उघडताना, मेसच्या रांगेत, कुणाच्या लग्नात अक्षता टाकताना, मी त्या कोऱ्या ओळींकडे पाहत होते. लोक म्हणतात राग धरून ठेवला की आपणच खंगतो. माझं वजन वाढलं. मला झोपही चांगली लागायची.

पदवी झाल्यावर त्याच दवाखान्यात मुली घेत असल्याचं कळलं. जुने केसपेपर संगणकावर चढवायचे होते. परगावच्या संशोधकांना आमच्या भागातल्या आजारांची माहिती हवी होती, आणि ती देण्याआधी पेशंट कोण हे ओळखू येईल असं सगळं त्यातून काढून टाकायचं होतं. मराठी वाचता यावं आणि इंग्रजी लिहिता यावं, एवढीच अट. मुलाखतीत विचारलं, हेच काम का? मी म्हटलं, आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन डेटा. इंग्रजीत म्हटल्यामुळे त्यांना ते खरं वाटलं.

आम्ही तळमजल्यावर बसायचो, क्ष-किरण खोलीच्या मागे. तिथल्या प्रमुख म्हणजे रेकॉर्डच्या बाई. नोकरी संपत आलेली, तोंडात सुपारी, आणि फाइल कुठल्या कपाटात आहे ते न बघता सांगायच्या. दुसरे लॅबमधले एक भाऊ, दुपारनंतर मदतीला येणारे. आणि मी. कागद तपासून सही करायला एक डॉक्टर लागायचे. ते कोण होते, हे सांगायला नकोच.

त्यांनी मला ओळखलं नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, "कुठली गं तू?" मी म्हटलं, "बल्लारपूर, सर." ते खूश झाले. "अरे वा, मीही बल्लारपूरचाच. रेल्वे कॉलनीत वाढलो." माझ्या कोऱ्या ओळींतली पहिली ओळ त्यांनी स्वतःच भरून दिली.

मी काम मन लावून शिकले. एखाद्याला मारायला कुऱ्हाड परजावी तसं शिकले. नाव काढणं सगळ्यात सोपं. मग गाव, फोन, आधार क्रमांक, तारखा. त्यानंतर खरी मेहनत सुरू होते. कारण आमच्या जिल्ह्यांत माणसं नावानं ओळखली जातच नाहीत. त्यांच्यावर काय गुदरलं त्यावरून ओळखली जातात. जंगलाच्या कडेला वस्ती विरळ, घडलेली गोष्ट मात्र दहा गावं फिरून येते आणि माणसाला ती कायमची चिकटते.

म्हणून दर शनिवारी दुपारी आम्ही ओळखायची परीक्षा घ्यायचो. साफ केलेले काही कागद मिसळून ठेवायचे, चहा मागवायचा, एकेकानं एक कागद मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी पेशंट कोण ते सांगायचा प्रयत्न करायचा. ओळखला तर कागद पुन्हा साफ करायला माझ्याकडे. अशी पद्धत दुसरीकडे आहे की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे ती बाईंमुळे पडली.

"स्त्री, मध्यमवयीन," एकदा भाऊंनी वाचलं. "मोहफुलं वेचताना अस्वलानं डोक्याला जखम केली. सोबतच्या सुनेनं टोपली मारून अस्वल पळवलं."

"अगं माय! टोपलीवाली सून!" बाई ओरडल्या. "तिचा त सत्कार झाला होता. मी गेली होती ना!"

"बाई, नाव नका घेऊ," मी म्हटलं.

"घेतलं का मी नाव? सत्कार म्हटलं फक्त."

"बाईले कागद दाखवूच नका," भाऊ म्हणाले. "बाई म्हंजे चालतं-फिरतं आधार कार्ड आहे."

"तू चूप बस. तुह्या घरचं काढू का?"

मी टोपली काढली. सून काढून नातेवाईक लिहिलं. अस्वलाचं वन्य प्राणी केलं. मोहफुलं गेली, कारण मोह म्हटलं की महिना कळतो. वाचायला काही मजा उरली नाही, आणि तेच बरोबर होतं.

या परीक्षेत सगळ्यात हुशार डॉक्टर. दोन ओळी ऐकल्या की हात वर करायचे. "थांब, थांब! हा माझाच पेशंट!" वर्गात पहिलं उत्तर देणाऱ्या मुलासारखा त्यांचा चेहरा उजळायचा. ओळखू आला म्हणजे त्या माणसाचं गुपित फुटलं, हे त्यांच्या मनाला शिवत नसे. आपण जिंकलो, एवढंच. मी त्यांचा चहा त्यांच्यासमोर ठेवायचे आणि त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

एक दिवस त्यांनी मला एक जाड फाइल दिली. त्यांनी आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टींचा संग्रह. तो टाइप करून चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या, चिमूरपासून सिरोंच्यापर्यंतच्या प्रत्येक आरोग्य कार्यकर्तीच्या फोनवर जाणार होता. "तुझं मराठी टायपिंग चांगलं आहे," ते म्हणाले. "जिवंत गोष्टी आहेत हं. नीट कर."

मधल्या एका पानावर ताई होती. चारही ओळी तशाच. दमा, फेकजाळं, घरची कमाई, धाकटी बहीण इंग्रजी शाळेत. आणि खाली एक नवीन ओळ. पुढे अज्ञानामुळे या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं; समाजाला अजून किती शिकवायचं बाकी आहे.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्यांनी लग्न मोडलं आणि मोडलेलं लग्न उदाहरण म्हणून लावून दिलं.

नेमकं तेव्हाच घरी पुन्हा एक स्थळ आलं होतं. पोंभुर्ण्याकडचं, धानाची शेती असलेलं घर. मुलगा शांत होता. ताई या वेळी साक्षगंधापर्यंत थांबणार नव्हती. "आधी मी बोलन, मग बाकीचं," ती फोनवर म्हणाली. "थो येऊन राह्यला पुढच्या महिन्यात. तोवर कोनाले काई माहीत नाई पडाले पाहिजे." आणि संग्रह त्याआधीच जाणार होता. पोंभुर्ण्याच्या प्रत्येक गावात एक तरी कार्यकर्ती असणारच. तिनं तो फोनवर उघडला की झालं.

मी डॉक्टरांकडे गेले. एवढं एकच वाक्य मी आदल्या दिवसापासून जुळवत होते. "सर, ही जाळ्याची केस ओळखू येते. काढावी लागेल."

"कुणाला ओळखू येते?"

"गावाला."

"गाव ओळखणारच गं. गावापासून काय लपतं? बाहेरच्याला कळता कामा नये, हा नियम." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "नाव कुठे आहे त्यात?"

आमची लग्नं बाहेरच्यांशी होत नाहीत. ती ओळखीच्या ओळखीतच होतात, मासे विकायला जातो त्या बाजारात, मावशीच्या नणंदेच्या गावात. आम्हाला भीती गावाचीच असते. परगावचा संशोधक थोडाच साडी परत न्यायला येतो? हे मी बोलले नाही. "हो सर," म्हटलं आणि खाली आले. मन एकदम शांत झालं होतं.

कारण त्यांचा स्वतःचा केसपेपर माझ्याकडे होता.

तो मी शोधला नव्हता. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात तोही स्कॅन होऊन आला होता. ते एकदा याच दवाखान्यात भरती होते. कर्मचाऱ्याचा कागद सापडला तर पाकिटात बंद करून वेगळा ठेवायचा, असा आमचा नियम. मी तो पाकिटात घातला नव्हता. कशासाठी राखतेय, हे मला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं. आता कळलं.

त्यांच्या कागदावरून मी नाव काढलं. दुसरं काहीही काढलं नाही. मग तो शनिवारच्या गठ्ठ्यात वरून दुसरा ठेवला, म्हणजे त्यांच्या हाती येईल असा. आजार आणि उपचार कागदाच्या अगदी तळाला होते. तिथवर जाण्याआधी ते थांबतील असा माझा अंदाज होता. खात्री नव्हती. खात्री नसतानाही मी तो ठेवला.

चहा आला. पहिला कागद बाईंनी वाचला, कुणालाच ओळखता आला नाही. दुसरा डॉक्टरांनी उचलला. त्यांचा आवाज मोठा आणि स्वच्छ आहे.

"पुरुष. विवाहित. बालपण बल्लारपूर, रेल्वे कॉलनी." ते हसले. "अरे, हा तर आमच्याकडचाच निघाला!"

"मग त सर एका मिनटात ओळखते," भाऊ म्हणाले.

"शिक्षण, वैद्यकीय पदवी..."

"बाप्पा! डाक्टर लोकायचा कागद!" भाऊ खुर्ची पुढे ओढून बसले. "आज मजा आहे. वाचा, वाचा सर."

डॉक्टरांचे डोळे पुढच्या ओळीवर गेले होते, तोंड मात्र मागेच राहिलं. बाईंनी सुपारी चघळायची थांबवली.

"सर, पुढी काय आहे?" भाऊंनी विचारलं. "नुसतं मनातल्या मनात वाचून राह्यले तुमी."

त्यांनी कागदाची घडी केली. एकदा, मग पुन्हा एकदा. "हा कागद नीट साफ झालेला नाही," ते म्हणाले.

"काय राहिलं, सर?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत शनिवारी मी डॉक्टरांना पहिल्यांदाच आपणहून काही विचारत होते. "नाव कुठे आहे त्यात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी नजर माझ्यावरून पलीकडे गेली नाही.

मला त्यांची दया आली असेल असं वाचणाऱ्याला वाटत असेल, तर नाही आली. मी त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बघितल्या, आणि आमच्या घरातले ते न उचललेले चहाचे कप मला दिसले. त्यांचाही चहा थंड होत होता. मला आत खोलवर फार बरं वाटलं.

कागद खिशात घालून ते उठून गेले. "सरले बरं नाई वाटत का?" बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिसरा कागद घे वं पोरी." त्यांना काय कळलं, काय नाही, त्यांनी कधीच विचारलं नाही. भाऊ बराच वेळ बल्लारपूरच्या डॉक्टरांची नावं आठवत बसले आणि भलत्याच माणसावर येऊन थांबले.

सोमवारी सकाळी, बाई यायच्या आत, डॉक्टर खाली आले. खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले. याआधी ते कधी तिथे बसले नव्हते.

"कुणी कुणी पाहिलाय तो?" त्यांनी विचारलं.

ताईचाच प्रश्न. तिला मिळालेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते दिलं नाही, म्हणून चांगली ठरत नाही. मी काहीच उत्तर दिलं नाही, आणि ते जास्त लागलं.

मी संगणकावर त्यांचा कागद उघडला. "काय काढू, सर?"

"बल्लारपूर काढ."

मी काढलं.

"शिक्षण काढ. वडिलांचं कामही. भावाचा उल्लेख कशाला हवा? तो काढ. कुठल्या वॉर्डात होतो ते काढ." ते आता पडद्याजवळ झुकले होते, एकेका ओळीवर बोट ठेवत होते. मी एकेक गोष्ट खोडत होते, सावकाश, त्यांना प्रत्येक वेळी तोंडानं सांगावं लागेल अशी. शेवटी एवढंच उरलं: प्रौढ पुरुष, आजार, उपचार, बरा.

त्यांनी श्वास सोडला. "आता ठीक आहे."

"आता हा," मी म्हटलं आणि संग्रहातलं ताईचं पान उघडलं.

ते वाचत गेले. बाप, दमा, जाळं. चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओळीकडे, मग परत माझ्याकडे. बल्लारपूर, टायपिंग, इंग्रजी. बसवायला त्यांना वेळ लागला नाही. ओळखायच्या परीक्षेत ते पहिल्यापासून हुशार.

"तू..."

"धाकटी बहीण, सर. मी दारात उभी होते."

त्यांना आठवलं नाही, हे मला दिसलं. ताई आठवली, दार आठवलं, मी आठवले नाही.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं सर. मागच्या आठवड्यात. आणि ताईनं तेव्हाच सांगितलं होतं."

ते पान त्यांनी पूर्ण काढायला लावलं. पण माझं तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी पुढचं पान उघडलं, मग त्याच्या पुढचं. टोपलीवाली सून तिथेही होती. वाघानं ओढून नेलेल्या माणसाची बायको होती, दोनदा पळून गेलेली एक सून होती, कुणाचं मूल न होणं होतं. प्रत्येक पानाला मी विचारलं, काय काढू, सर? प्रत्येक पान त्यांनी स्वतःच्या तोंडानं रिकामं केलं. दुपार होत आली. बाई येऊन आपल्या जागी बसल्या होत्या आणि काही न बोलता सुपारी कातरत होत्या.

"मग यात उरलं काय?" शेवटी ते म्हणाले. त्यांच्या जिवंत गोष्टी गेल्या होत्या.

"आजार उरला सर. शिकवायला तेवढाच लागतो."

त्यांनी सही केली. उठताना खालच्या आवाजात म्हणाले, "आणि माझा तो मूळ कागद?"

"नियमाप्रमाणे होईल, सर," मी म्हटलं.

तो मी त्याच दिवशी पाकिटात बंद करून बाईंकडे दिला. पण हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दोनदा आडून आडून विचारलं, मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. नंतर मी ती नोकरी सोडली. अजूनही सांगितलेलं नाही.

पोंभुर्ण्याचा मुलगा ठरल्याप्रमाणे आला. ताईनं त्याला घराच्या मागे, आंब्याखाली नेऊन स्वतःच्या शब्दांत सगळं सांगितलं. बराच वेळ लागला. आत आला तेव्हा तो आईला म्हणाला, "मीबी तपासून घेतो उद्या," आणि चहा मागितला. तपासणीत काय निघालं ते त्या दोघांचं. साक्षगंध झालं, हे मात्र मी लिहू शकते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आधी ताईला वाचायला दिलं. तिनं अंगणात बसून, बोट फिरवत, सावकाश वाचलं.

"थ्या डाक्टरले काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"नाही सांगणार."

"मलेबी नाई?"

"तुलाही नाही."

तिनं जरा विचार केला आणि मान डोलावली. मग आमच्या घराबद्दलचं काय काय बदलायचं ते ती सांगत गेली. मी जे आधी लिहिलं होतं ते तसंच छापलं असतं, तर पुन्हा तेच झालं असतं. चिमूर कदाचित चिमूर नाही. बाबांना काय होतं ते वेगळं. मोठी मी की ती, हेही धरून चालू नका. ताईच्या ज्या कामावरून ती ओळखली गेली, त्या जागी काय घालायचं यावर आमचा वाद झाला. शेवटी तीच म्हणाली, "जाळं टाक. मले कुठी येते जाळं फेकाले? पर वाचाले बरं वाटन लोकाले."

म्हणून जाळं.

डॉक्टरांबद्दलचंही मी बदललं आहे. ते डॉक्टर असतील, नसतील, बल्लारपूरचे असतील, नसतील. कोणी कितीही जोडून पाहिलं तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, एवढं काम मला येतं. त्यांच्याबद्दलची एकच गोष्ट मी जशीच्या तशी ठेवली आहे. ती कोणती, हे दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. त्यांना कळेल. आणि ती दुसऱ्या कोणाला कळली का, हे त्यांना कधीच कळणार नाही.